सुपारीबागेतला परदेशी वैद्य

बंगळूरच्या लालबागेच्या दक्षिणेला जयनगर नावाची मोठी वसाहत आहे. तेथील चौथ्या ब्लॉकच्या बाजारात एखाद्या किराणा दुकानापुढे घटकाभर उभे राहिले, तर जुन्या म्हैसूर संस्थानची सगळी शेती पुड्यांत बांधून समोर मांडून ठेवल्यासारखी वाटते. एका बाजूला कातरलेली सुपारी, तिच्याशेजारी कॉफीची पूड, खाली पोत्यात नाचणीचे पीठ आणि वरच्या फळीवर चंदनाच्या साबणाच्या वड्या. ह्या चारही जिनसांच्या मागे एका कॅनेडियन माणसाचे सुमारे पाव शतकाचे श्रम उभे आहेत, हे दुकानदाराच्या गावी नसते आणि गिऱ्हाइकाच्याही नसते. त्या माणसाचे नाव डॉ. लेस्ली चार्ल्स कोलमन.

जयनगर तसे अलीकडचे. १९४८ साली तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याचा पाया घातला गेला, आणि तेथील अशोकस्तंभ त्या प्रसंगाची खूण म्हणून आजही उभा आहे. महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांच्या नावावरून वसाहतीला हे नाव मिळाले असे सांगतात. कोलमन बंगळुरास आले ते त्याच्या चाळीस वर्षे आधी, १९०८ साली. त्या वेळी लालबाग ओलांडली की ह्या बाजूला शहर संपत असे, आणि सिद्धापूर, भैरसंद्र, येडियूर अशा खेड्यांची तळी आणि शेते लागत. ज्यांच्यासाठी ह्या माणसाला सातासमुद्रांपलीकडून बोलावून घेतले होते ती माणसे अशाच खेड्यांतून, आणि त्याहूनही दूर, पश्चिमेकडच्या मलनाडच्या डोंगरांतून राहत होती.

म्हैसूरने त्यांना का बोलावले, हे समजण्यासाठी संस्थानाकडे क्षणभर पाहावे लागेल. १८९९ साली राजमाता केंपनंजम्मण्णी यांनी बंगळूरच्या उत्तरेला हेब्बाळ येथे तीस एकर जमीन देऊन शेतीच्या प्रयोगांना आरंभ करून दिला होता. तेथे डॉ. लेमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ माती आणि खते यांचे प्रयोग करीत. पण रयतेची तक्रार केवळ मातीची नव्हती. पीक उगवे, वाढे, फळाला येई, आणि मग कोणता तरी रोग किंवा कीड येऊन हातातोंडाशी आलेला घास काढून नेई. तेव्हा रोग आणि किडी पाहणारा कोणी जाणता माणूस असावा, असे दरबाराने ठरविले. मराठी श्रोत्यांना कौतुक वाटावे अशी एक गोष्ट येथे सांगून टाकतो. १९०८ साली म्हैसूरचे दिवाण होते व्ही. पी. माधवराव, आणि त्यांच्यामागून आले टी. आनंदराव. हे दोघेही तंजावरकडच्या मराठी घराण्यांतले. आनंदराव तर बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचे चिरंजीव. म्हणजे कोलमन यांच्या पहिल्या चार वर्षांचे काम ज्या दिवाणांच्या कारकिर्दीत झाले, त्यांची घरची भाषा मराठी होती. त्यानंतर, १९१२ साली, आले विश्वेश्वरय्या. त्यांचे शिक्षण आणि उमेदीची नोकरी पुण्यामुंबईकडे झाली होती, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. आणि कोलमन आले त्याच सुमारास लालबागेचा कारभार ज्यांच्याकडे आला ते जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बीगल हेही सयाजीराव महाराजांच्या बडोद्यातूनच म्हैसूरला आले होते.

कोलमन यांचा जन्म १८७८ सालचा, कॅनडातील ओंटारिओ प्रांतातला. टोरांटो विद्यापीठाची पदवी घेऊन ते जर्मनीत गॉटिंगेनला गेले आणि तेथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता जमिनीतील नत्रीकरण. म्हणजे अमोनियाचे रूपांतर करून पिकाला नत्र पुरविणारे जे सूक्ष्म जंतू असतात, त्यांचा अभ्यास. सुपारी हे झाड त्यांनी तोपर्यंत पाहिले असण्याचा संभव फारसा नाही. म्हैसूरने त्यांना नेमले ते मात्र कवकशास्त्रज्ञ आणि कीटकशास्त्रज्ञ अशा दुहेरी पदावर. एका माणसाकडून दोन माणसांचे काम घ्यायचे ही संस्थानी काटकसर. परंतु ती त्यांच्या पथ्यावरच पडली असे मला वाटते. बुरशी आणि कीड ही दोन निरनिराळी खाती आहेत, हे शेतकऱ्याच्या शेताला कोठे ठाऊक असते?

आता सुपारीकडे वळू. कोकणातल्या आगरांत किंवा गोव्याच्या कुळागरांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हा रोग नव्याने सांगायला नको. कानडीत त्याला कोळेरोग म्हणतात. कोळे म्हणजे कुजणे, सडणे. दक्षिण कानड्यात त्यालाच महाळी म्हणत, आणि आपल्याकडच्या बागाइतदारांनी कानडी नावच जसेच्या तसे उचलले. पावसाने जोर धरला, की पंधरावीस दिवसांत पोफळीच्या घोसातील हिरव्या फळांच्या देठाकडे पाणी मुरल्यासारखे डाग दिसू लागतात. फळाची झळाळी जाते, त्यावर पांढरी बुरशी चढते आणि एकेक फळ गळून खाली पडते. बागेत सकाळी गेले, तर वर्षभराची कमाई चिखलात लोळताना दिसते. फळावरच थांबले तर एका वर्षाचे नुकसान. पण हाच रोग कधी कधी झाडाच्या शेंड्यात उतरतो, शेंडा कुजतो, आणि ताडवर्गातल्या झाडाला शेंडा एकच असल्यामुळे झाड उभ्या उभ्या मरते. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. तेव्हा मेलेल्या झाडाची भरपाई पुढच्या हंगामात होत नाही. ती करता करता घरातले मूल शाळेत जाऊ लागते. मलनाडच्या दऱ्यांतून राहणाऱ्या हव्यक आणि इतर बागाइतदारांचे लग्नकार्य, सारा, कर्ज, सारे काही ह्या एका फळावर चाले. घोस गळला, की सावकार आलाच.

रयत हात जोडून बसली होती असे मात्र कोणी समजू नये. पावसाळ्याच्या तोंडावर मलनाडचा बागाइतदार प्रत्येक घोसावर एक टोपी चढवीत असे. पोफळीच्याच झावळीची जी रुंद विरी असते, तिची किंवा गवताची केलेली ही टोपी. तिला कानडीत कोट्टे म्हणत. घोसावर कोट्टे बांधले, की फळ बव्हंशी कोरडे राही आणि वाचे. पिढ्यान्पिढ्या पाहून, झाडावर चढून आणि उतरून लोकांनी हे शोधून काढले होते. उपाय खरा होता, पण महाग. साठ साठ फूट उंचीच्या, मनगटासारख्या बारीक वाटणाऱ्या खोडावर चढायचे, वाऱ्यात डोलत एकेक घोस बांधायचा, आणि एका झाडावरून झोका घेऊन दुसरे झाड धरायचे. ही कला येणारी माणसे मोजकी, आणि पावसाच्या तोंडावर ती सगळ्यांनाच एकदम हवी असत. मोठ्या बागेचे सगळे घोस वेळेवर झाकून होतच नसत.

कोलमन मलनाडात गेले, आणि रोगट फळे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहू लागले. हिंदुस्थान सरकारच्या पुसा येथील संस्थेत एडविन बटलर नावाचे थोर कवकशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९०६ साली ताडवर्गीय झाडांच्या रोगांविषयी लिहिताना ह्या रोगाची दखल घेतलेली होती. कोलमन यांनी त्यापुढे जाऊन रोगाच्या कारणाचा, त्याच्या वाढीचा आणि उपायांचा संपूर्ण अभ्यास केला आणि १९१० साली म्हैसूरच्या शेती खात्याची पुस्तिका म्हणून तो प्रसिद्ध केला. रोगाला कारण असलेला जीव त्यांना सापडला तो फायटॉफ्थोरा ह्या कुळातला. ग्रीक भाषेतल्या ह्या नावाचा अर्थच वनस्पतीचा नाश करणारा असा आहे. ह्याच कुळातल्या एका भावंडाने १८४५ नंतर आयर्लंडमधील बटाटा कुजविला, त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. सुपारीवरच्या जातीला कोलमन यांनी सुपारीच्या शास्त्रीय नावावरून अरेकी असे उपनाव दिले. पुढे १९१३ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या रोगांवर काम करणाऱ्या पेथीब्रिज यांनी तिला स्वतंत्र जातीचा मान दिला. म्हैसूरच्या बागेत सापडलेल्या बुरशीचा पत्ता आयर्लंडच्या बटाट्यापर्यंत जातो, ही ह्या शास्त्राची गंमत आहे.

ह्या जीवाची एक सवय नीट लक्षात घेतली, की कोट्ट्याचे मर्म उलगडते. त्याच्या बीजाणूंना शेपटीसारखे तंतू असतात आणि ते पाण्यात पोहतात. फळावर पाण्याचा पातळसा थर असला, की पोहत पोहत ते फळाच्या देठाशी पोहोचतात आणि तेथून आत शिरतात. पावसाचे थेंब त्यांना एका घोसावरून दुसऱ्या घोसावर उडवितात. पाणीच नसेल, तर त्यांचे काही चालत नाही. म्हणजे मलनाडच्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या बागाइतदाराला शत्रूचे नाव ठाऊक नव्हते, त्याचे रूप ठाऊक नव्हते, पण त्याची वाट त्याने बरोबर ओळखून अडविली होती. शत्रू कोण हे कोलमन यांनी दाखविले. ह्या दोन ज्ञानांत उच्चनीच ठरविण्याचा मोह आवरावा हे बरे. कोट्टे कशामुळे गुण देते हे एकदा समजले, म्हणूनच त्याहून स्वस्त असे दुसरे काही शोधता आले.

ते दुसरे म्हणजे बोर्डो मिश्रण. नाशिकच्या द्राक्षबागाइतदारांना हे नाव तोंडपाठ आहे. त्याचा जन्म झाला फ्रान्समधील बोर्डो गावाच्या परिसरात. रस्त्याच्या कडेची द्राक्षे वाटसरूंनी चोरू नयेत, म्हणून तेथील लोक मोरचूद आणि चुना यांचे निळसर पाणी वेलींवर शिंपडीत. १८८२ साली प्राध्यापक मिलार्दे यांच्या नजरेला आले, की सगळीकडे केवड्याने पाने झडली असताना ह्या रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार आहेत. चोरांसाठी केलेला उपाय रोगाला लागू पडला! १८८५ साली त्यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि जगातल्या पिकांना पहिले खरे औषध मिळाले. द्राक्षावरचा केवडा आणि सुपारीवरचा कोळेरोग हे दूरचे नातलग आहेत. तेव्हा एकाचे औषध दुसऱ्याला द्यावे, हा तर्क सरळ होता.

तर्क सरळ असला, तरी अंमल सरळ नव्हता. शंभर भाग पाण्याला एक भाग मोरचूद आणि एक भाग चुना, हे सांगायला एक वाक्य पुरते. प्रत्यक्षात मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवावा लागतो, आणि ती भांडी लोखंडाची असून चालत नाहीत. चुना ताजा आणि कसदार हवा. दोन्ही पाणी योग्य रीतीने एकत्र केले नाही, तर मिश्रण फाटते. चुना कमी पडला तर औषधच कोवळी फळे जाळते. म्हणून त्यात लोखंडी सुरी बुडवून पाहायची, तिच्यावर तांबे चढले की चुना आणखी घालायचा. केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. शिवाय हे औषध रोग झाल्यावर उपयोगाचे नाही, होण्यापूर्वी मारले पाहिजे. पहिली फवारणी पावसाच्या आधी, आणि दुसरी सुमारे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे ऐन आषाढश्रावणात, जेव्हा मलनाडात आठआठ दिवस उघडीप मिळत नाही. ती उघडीप मिळाली, की साठ फूट उंचीवर नळी घेऊन चढायचे आणि घोस चहूबाजूंनी न्हाऊन काढायचा. धो धो पावसात औषध धुऊन जाऊ नये, म्हणून पुढे राळ आणि सोडा यांचे चिकण त्यात मिसळण्याची रीत पडली.

आता विचार करावा. ज्याने कधी रोगट नसलेल्या झाडाला औषध दिल्याचे ऐकले नाही, अशा माणसाला हा परका साहेब सांगतो, की आज तुझी फळे निरोगी आहेत, म्हणून आजच त्यांच्यावर हे निळे विष मार. बागाइतदाराने मान हलविली नाही, तर त्यात नवल काय? त्याच्याजवळ एकच हंगाम असतो, आणि तो पणाला लावायचा असतो त्यालाच, साहेबाला नव्हे. असा विश्वास पुस्तिकेने बसत नाही. एका बागेतली निम्मी झाडे फवारावी, निम्मी तशीच ठेवावी, आणि भाद्रपदात दोन्हींखालची गळ लोकांना मोजू द्यावी, हाच ह्या शास्त्राचा रस्ता आहे. आणि तो एका वर्षाचा नसतो. एके वर्षी पाऊस कमी पडला, की औषध न मारलेली झाडेही वाचतात आणि सगळा पुरावा पाण्यात जातो. म्हणून असल्या कामाला माणूस राहावा लागतो. पाहुणा शास्त्रज्ञ रोगाचे नाव सांगू शकेल. रोग हटविण्यासाठी मात्र लागोपाठ अनेक पावसाळे अंगावर घ्यावे लागतात. कोलमन यांचे मोठेपण मला त्यांच्या सूक्ष्मदर्शकापेक्षा त्यांच्या ह्या मुक्कामात अधिक दिसते. मलनाडात बोर्डो रुजले. पुढे ते सुपारीच्या साऱ्या पट्ट्याचे झाले, आणि आपल्या कोकणातही पावसाळ्यापूर्वी शिंपुटांवर एक टक्का बोर्डो मारावे असे शेतकी खाते आज सांगते.

येथे दोन गोष्टी नोंदवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल. वर्षानुवर्षे फवारलेले तांबे बागेच्या मातीत साठत राहते, ही एक. आणि दुसरी, ज्या फळासाठी हा सारा खटाटोप झाला, ते चघळणे कर्करोगाला कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. कोलमन यांच्या काळी हे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि बागाइतदाराच्या पोटाचा प्रश्न त्यामुळे खोटाही ठरत नाही.

सुपारी मलनाडची, पण आपल्या देशावरच्या ज्वारीशीही कोलमन यांचा संबंध आला. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर पडणारा एक बिनपंखी नाकतोडा आहे. ज्वारीला कानडीत जोळ म्हणतात, म्हणून कोलमन यांनी त्याला जोळ नाकतोडा म्हटले आणि १९११ साली त्याच्यावर एक पुस्तिका लिहिली. इग्नासिओ बोलिव्हार ह्या स्पॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १९१० साली ह्या किड्याच्या प्रजातीला ‘कोलमानिया’ असे नाव देऊन टाकले. दख्खनच्या ज्वारीवर एका कॅनेडियन माणसाच्या नावाचा नाकतोडा उड्या मारतो, हे ऐकून हसू येते खरे. ह्या कामात त्यांच्या हाताखाली के. कुन्हीकण्णन नावाचे मलबारचे तरुण तयार झाले. ते पुढे संस्थानचे कीटकशास्त्रज्ञ झाले, आणि पाश्चात्त्य संस्कृतीची परखड चिकित्सा करणारी पुस्तकेही त्यांनी लिहिली. कवकशास्त्रात एम. जे. नरसिंहन यांनी सुपारीच्या बुरशीचा अभ्यास पुढे चालविला. परदेशी माणसाने आपल्यामागे आपल्यासारखेच काम करणारी देशी माणसे ठेवून जावे, ही गोष्ट त्या काळात वाटते तितकी सर्रास घडत नव्हती.

यशाची हकिगत झाली. आता अपयशाची सांगतो. आणि खरे म्हणजे मला तीच अधिक मोलाची वाटते. टिपूच्या काळापासून म्हैसूरात चंदन हे सरकारी झाड. ते कोणाच्याही परसात उगवो, त्याच्यावर मालकी दरबाराची. पहिल्या महायुद्धाने जर्मनीची गिऱ्हाइकी बंद पडली, तेव्हा विश्वेश्वरय्यांच्या कारकिर्दीत, १९१६ साली, संस्थानाने चंदनाचे तेल स्वतःच काढायला आरंभ केला. नेमक्या त्याच वर्षांत चंदनाची राने एका विचित्र रोगाने वाळत होती. ह्या रोगात पाने आखूड, अरुंद आणि ताठ होत जातात. फांदी खिळे ठोकल्यासारखी दिसू लागते. म्हणून इंग्रजांनी त्याला ‘स्पाइक’ म्हटले. खिळे दिसू लागले, की दोनतीन वर्षांत झाड मेलेच. ना बुरशी दिसे, ना कीड, ना जखम.

चंदन हे झाड अर्धे परपोषी असते. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना तोंड लावून रस पितात. तेव्हा शेजारची झाडे तोडली गेल्याने किंवा वणव्याने चंदनाच्या रसाभिसरणाचा तोल जातो आणि त्याने झाड वाळते, असे वनखात्यातील काही जाणकारांचे मत होते. तसे असेल तर तो रोगच नव्हे, उपासमार. कोलमन यांनी वाद बाजूला ठेवून एक साधी गोष्ट केली. रोगट झाडाच्या डहाळीचे कलम त्यांनी निरोगी झाडावर बांधले. निरोगी झाडाला रोग झाला. म्हणजे डहाळीतून काही तरी जिवंत, सांसर्गिक असे पलीकडे गेले होते. १९१७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. परंतु ते ‘काही तरी’ म्हणजे काय, हे त्यांना दाखविता येईना. त्यांचा सूक्ष्मदर्शक तेथपर्यंत पोहोचतच नव्हता. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. श्रीनिवासय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या रोगावर अनेक वर्षे काम केले. संसर्ग पुनःपुन्हा सिद्ध झाला. संसर्गाचे कारण हाती लागले नाही.

ते लागले १९६९ साली. त्याआधी दोन वर्षे, १९६७ मध्ये, जपानी संशोधकांनी तुतीच्या आणि इतर काही झाडांच्या रसवाहिन्यांत पेशीभित्तिका नसलेले अतिसूक्ष्म जीव पाहिले होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तसलेच जीव चंदनातही दिसले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. ते रस शोषणाऱ्या तुडतुड्यांसारख्या कीटकांबरोबर पसरतात. कोलमन १९५४ सालीच वारले. आपल्या कलमातून जे पलीकडे गेले त्याचे रूप त्यांना कधीच कळले नाही. रूप कळले म्हणून झाड वाचले, असेही नाही. रानभर उभ्या असलेल्या चंदनाला देता येईल असा उपाय आजही कोणाजवळ नाही. रोगट झाड मुळासकट काढणे आणि निरोगी रोपे लावणे एवढेच हाती आहे. रोग, चोरटी तोड आणि वणवे यांनी मिळून चंदन आज धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या जागतिक यादीत जाऊन बसले आहे.

राहिलेल्या दोन जिनसांविषयी थोडक्यात. कॉफीवरच्या तांबेऱ्याने एकोणिसाव्या शतकात सिलोनचे मळे पार बुडविले होते, आणि म्हैसूरच्या मळेवाल्यांना तीच धास्ती होती. १९१५ साली कोप्प येथे तात्पुरते, आणि १९२५ साली बाळेहोन्नूर येथे कायमचे असे कॉफी संशोधन केंद्र कोलमन यांच्या प्रयत्नांनी उभे राहिले. तेथेच मेन ह्या शास्त्रज्ञाने १९३२ च्या सुमारास दाखविले, की तांबेऱ्याची बुरशी एकच नसून तिचे निरनिराळे वंश आहेत, आणि एका वंशाला दाद न देणारे झाड दुसऱ्या वंशापुढे मान टाकते. कॉफीवर आणखी एक कोळेरोग पडतो; नाव तेच, पण बुरशी अगदीच वेगळी. केवळ नावावर विसंबून औषध देणाऱ्या वैद्याची येथे फसगत ठरलेली! नाचणीच्या सुधारणेचे काम हेब्बाळला १९१३ साली सुरू झाले. गरिबाचे धान्य म्हणून ज्याच्याकडे शास्त्रज्ञ सहसा वळून पाहत नसत, त्याचे निवडक वाण काढण्याकडे ह्या माणसाने लक्ष दिले, एवढे सांगितले तरी पुरे.

कोलमन संस्थानचे शेतीसंचालक झाले तेव्हापासून कागद वाढले आणि सूक्ष्मदर्शक मागे पडला, असे त्यांच्या लेखनाकडे पाहून वाटते. हेब्बाळची शेतकी शाळा, मंड्याची कालव्याखालची प्रयोगशेती, १९३३ साली स्थापन झालेला तेथील साखर कारखाना, ह्या सगळ्यांत त्यांचा हात होता. चांगल्या संशोधकाला प्रशासक करून आपण एक संशोधक गमावतो, ही तक्रार जुनी आहे. कोलमन यांच्या बाबतीत ती पूर्ण खरी मानता येत नाही, कारण त्यांच्याखेरीज हे खाते उभे करणारा दुसरा माणूस संस्थानाजवळ नव्हता. पण १९१० ते १९१७ ह्या सात वर्षांत जे त्यांनी केले, त्याला तोड नंतरच्या वर्षांत सापडत नाही, हेही खरे.

ते इंग्रज सरकारचे नोकर नव्हते. त्यांचा धनी म्हैसूरचा महाराजा. पुण्याच्या शेतकी कॉलेजात त्याच काळी हॅरॉल्ड मॅन हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ प्राचार्य होते, आणि पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या खेड्याची घर न् घर पाहणी त्यांनी १९१७ साली प्रसिद्ध केली. मॅन यांनी खेड्याचा संसार पाहिला, कोलमन यांनी खेड्याच्या झाडांचा. दोघांनीही पाहण्यापूर्वी मुक्काम ठोकला. ह्याच्या उलट प्रवासही आपल्याला ठाऊक असावा. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीत पडले, त्यामुळे त्यांना मायदेशी परतता येईना. ते मेक्सिकोत जाऊन राहिले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत प्राध्यापक होऊन मका आणि गहू यांवर संशोधन करू लागले. तेथील गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त शेतकी शाळा काढल्या. कोलमन पगारावर आले होते आणि खानखोजे देशोधडीला लागून गेले होते, एवढा दोघांत फरक. मात्र मक्याच्या शेतात उभा असलेला मराठी माणूस आणि पोफळीखाली उभा असलेला कॅनेडियन माणूस, ह्या दोघांनाही परक्या मुलखातल्या शेतकऱ्याची भाषा आणि त्याचा संशय, दोन्ही शिकावे लागले असणार.

१९३४ साली कोलमन म्हैसूरच्या सेवेतून निवृत्त झाले आणि कॅनडाला परतले. हेब्बाळच्या शाळेतून १९४६ साली शेतकी कॉलेज आणि १९६४ साली कृषी विद्यापीठ निर्माण झाले. त्यांच्या बुरशीच्या नावाचा मात्र निकाल अजून लागायचा आहे. त्यांनी अरेकी म्हटलेली जात ही नारळ, कोको अशा अनेक झाडांवर आढळणाऱ्या दुसऱ्याच एका जातीचे रूप आहे, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. आजच्या काही बागांतून तर सुपारी कुजविणारी तिसरीच जात सापडली आहे. कोलमन यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९५६ साली, दक्षिण कानड्यातील विट्टल येथे सुपारीसाठी खास संशोधन केंद्र निघाले, आणि तेथील शास्त्रज्ञांनी कोळेरोगाचा अभ्यास पुन्हा हाती घेतला. मृगाचा पाऊस कोसळण्यापूर्वी मलनाडात आणि कोकणात गडी पोफळीवर चढतात, ते हाती तीच मोरचुदाची निळी नळी घेऊन. काही बागांतून घोसांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढविलेल्या दिसतात, आणि कोट्ट्याची ती नवी आवृत्ती पावसाचे पाणी पूर्वीसारखेच बाहेर ठेवते.